बारकूला बोट लागते

नवा चष्मा तयार झाला की नम्रता गिऱ्हाइकाला दुकानाच्या उंबऱ्यावर उभं करते आणि रस्त्यापलीकडचं काहीतरी वाचायला लावते. आतल्या तक्त्यावर तिचा फारसा विश्वास नाही. रत्नागिरीतली माणसं बिलंदर. बाकावर बसल्या बसल्या पुढच्याचं ऐकून अख्खा तक्ता पाठ करतात आणि आपली पाळी आली की समोर सगळं धुकं असतानाही 'ग, न, म, प' खडाखडा म्हणून दाखवतात. रस्ता पाठ करता येत नाही. म्हणजे तसा येतो, कारण समोर गेली कित्येक वर्षं एकाच पापडवाल्याची पाटी होती, पण निदान मान तरी वर करावी लागते. त्या सकाळी पावस गावच्या कमलाबाई नवा चष्मा लावून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, हनुवटी उचलली आणि पापड सोडून भलतंच वाचू लागल्या. "बारकू तांडेल... परत... इलो." मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, परत वाचलं आणि नम्रताकडे वळून म्हणाल्या, "बाय, ह्यो चष्मा काय बरोबर नाय झाला. आलो लिवलेला असंल, मला इलो दिसताय." नम्रता हसत बाहेर आली आणि तिचं हसू उंबऱ्यावरच राहिलं. पापडवाल्याची पाटी गेली होती. तिथे सिनेमाचा दोन मजली उंच फलक लागला होता, आणि त्यावर अंगाला तेल चोपडलेला एक पोरगा जेटस्कीवर उभा, हातात पिस्तूल, मागे लाटा, लाटांच्या मागे आग. समुद्राला आग कशी लागली हे विचारायची सोय नव्हती. खाली ते चार शब्द मोठ्या अक्षरांत आणि त्यांच्याही खाली बारीक टाइपात, जो वाचायला तिला स्वतःचा चष्मा कपाळावरून नाकावर घ्यावा लागला : 'तुमचा लाडका बारकू. जसाच्या तसा.'

"चष्मा बरोबर आहे, कमलाबाई. चुकलंय ते तिकडे," ती म्हणाली, पण कमलाबाईंना पटेना. इलो राजापुराच्या पलीकडे बोलतात, मांडवीच्या जेटीवर बसणारा बारकू इलो कशाला म्हणेल, तेव्हा दोष भिंगातच, असं त्यांचं सरळ गणित होतं. शेवटी पंचांगाचं एक पान वाचायला देऊन त्यांची समजूत घातली. त्या गेल्या आणि नम्रता बराच वेळ काउंटरवर एक फ्रेम हातात घेऊन तिच्या दांड्या उघडमिट करत बसली. जसाच्या तसा. तिला राग आला होता तो सगळ्यात जास्त ह्या दोन शब्दांचा. खोटं बोलायचं तर बोला, पण छातीवर हात ठेवून बोलायचं म्हणजे काय. लहानपणी वाचलेल्या पुस्तकांतला बारकू जाडा होता, पहिली गंमत तर तीच. नाव बारकू आणि बसला तर होडी एका बाजूला कलंडायची. दुसरी गंमत म्हणजे त्याला बोट लागायची. आयुष्यात एकच दिवस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून निघाला, बंदराच्या बाहेर पडायच्या आत सगळं ओकला, आणि लोकांनी परत आल्यावर तांडेल हे नाव जन्मभरासाठी चिकटवलं. त्यानंतर तो पाण्यात पाऊलसुद्धा ओलं करत नाही. जेटीवर पालथ्या घातलेल्या होडीवर बसून फाटकी जाळी शिवतो आणि बसल्या जागी किनाऱ्यावरच्या चोऱ्या शोधून काढतो. चोऱ्याही कसल्या, तर कुणाचे सुकत घातलेले बांगडे गेले, कुणाची वल्ही गेली, एकदा देवळातली घंटा गेली. पिस्तूल अख्ख्या मालिकेत नाही. आणि अशा माणसाला ह्यांनी जेटस्कीवर उभा केला, बिचारा ओकला नसेल का?

ही पुस्तकं खिशात मावतील एवढीच होती. गावातला एक छापखानेवाला ती स्वतः लिहायचा, स्वतः छापायचा आणि स्वतःच सायकलवरून एसटी स्टँडवरच्या स्टॉलला नेऊन द्यायचा. आता तो नाही, छापखानाही नाही. बाबा तेव्हा एसटीत ड्रायव्हर, रत्नागिरी-राजापूर गाडीवर. नवा बारकू आला की स्टॉलवाला त्यांच्यासाठी एक प्रत बाजूला काढून ठेवी आणि ड्यूटी संपवून ते ती खाकी खिशातून अशी काढत की जणू तिकिटाचे सुटे पैसे काढताहेत. जेवण झालं की वाचन. बाबा वाचायचे तेही ड्रायव्हरसारखं, सरळ रस्त्यावर सुसाट आणि वळण आलं की एकदम हळू. प्रत्येक पुस्तकात एक जागा ठरलेली असे. बारकू जाळ्यातून मान वर करतो आणि समोरून जाणाऱ्या कुणातरी फुटकळ माणसाला, मीठवाल्याला, नाहीतर शेळीमागे धावणाऱ्या म्हातारीला एकच प्रश्न विचारतो, "काय बघितलंस?" आणि तो माणूस जे सांगतो त्यावरच सगळं उलगडतं. ती जागा आली की बाबा पुस्तक मांडीवर पालथं घालायचे आणि नम्रताला विचारायचे, तू असतीस तर काय सांगितलं असतंस. ती काहीतरी सांगायची. मग बाबा स्वतःचं उत्तर सांगायचे, अगदी गंभीरपणे, पोलिसाला सांगावं तसं. त्यानंतरच पान उलटायचं. शेवटी बारकू दोऱ्याला गाठ मारून म्हणायचा, "कुणी केलीन ते समजलं. का केलीन ते आता तोच सांगेल." आणि चोर खरंच सांगायचा, आणि पुष्कळदा सांगता सांगता रडायचा. नम्रताला आठवीत जाईपर्यंत वाटत होतं की चोर पकडायची हीच सरकारी पद्धत आहे.

केलीन. तो शेवटचा न. रत्नागिरीच्या घराघरात माणूस नुसतं काही करत नाही. त्यानं काम केलंन, आंबा खाल्लान, चोरी केलीन, आणि माणूस मानाचा असला की आंबा खाल्लानी. तो न म्हणजे काय, कशासाठी, हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारत नाही. विचारलं ते पुण्याच्या हॉस्टेलमध्ये. डोळे तपासायचं शिकायला नम्रता तिथे गेली आणि पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने चहा पिता पिता सहज विचारलं, तू प्रत्येक क्रियापदाला मागे शेपूट का लावतेस गं? तिच्यात दुष्टपणा काही नव्हता, तिला खरंच गंमत वाटली होती. पण नम्रताने त्या दिवसापासून शेपूट कापलं. आधी तोंडात आलेला न दातांमागे अडवावा लागे, मग तो यायचाच बंद झाला, आणि परत रत्नागिरीला येऊन दुकान थाटलं तेव्हा तिचं बोलणं असं घासूनपुसून लख्ख झालं होतं की पुण्याची गिऱ्हाइकं तिला आपल्यातलीच समजत. न राहिला तो फक्त पुस्तकांत. कदाचित म्हणूनच ती बारकूच्या बाबतीत इतकी कडक झाली असेल. मालवणीशी तिचं वैर नव्हतं. मालवणीलाही स्वतःचा न आहे, भाऊबंदच ते, पण चूल वेगळी. चीड होती ती सिनेमावाल्यांच्या समजुतीची, की समुद्र दिसला आणि माड दिसला की तिथला माणूस 'माका-तुका'च बोलणार. दुपारी तिने फोन उघडला. 'बारकूचे सोबती' हा गट तिनेच काढलेला, रत्नागिरीपासून दुबईपर्यंतची माणसं त्यात, आणि तिने त्यात लांबलचक संदेश लिहिला. त्यात फसवणूक हा शब्द होता, विटंबना होता, आणि शेवटी ठळक अक्षरांत : ज्याला बोट लागणारा बारकू आपला वाटतो त्याने ह्या सिनेमाचं तिकीट काढू नये. संपूर्ण बहिष्कार. विनोद नावाचा एक विमा एजंट, गटातला सगळ्यात तापट माणूस, त्याने मिनिटभरात मुठीची चित्रं पाठवली आणि लिहिलं, ॲडमिन, रक्त सळसळलं. नम्रताला बरं वाटलं. मनापासून रागावलं की भूक चांगली लागते, तशी तिला लागली होती.

संध्याकाळी घरी आली तर बाबा शर्टाला इस्त्री करत होते. सखाराम हे त्यांचं नाव, पण मांडवीवर फिरायला येणारे सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. नम्रताचा नवरा मुंबईला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतो, त्यामुळे घरात बाप-लेकच. पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशा, आणि नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी बसताना उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा पुढे. "नमू, शुक्रवारी दुपारचा दुकान बंद ठेव," इस्त्रीवरची नजर न काढता ते म्हणाले. "माझा पिक्चर लागताय." तिच्या लक्षात आलं, होळीच्या आधी एकदा ते मांडवीवरून तोंडाला पावडर लावलेले परतले होते आणि समुद्राच्या पिक्चरात काम केलं असं म्हणाले होते. तिला वाटलं होतं, माशाच्या तेलाची जाहिरात असेल. "कुठला पिक्चर?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. "कुठला म्हंजे? बारकूचा." हातातला फोन थरथरत होता, बहिष्काराला दुबईहून पाठिंबा येत होता. ती खुर्चीवर बसली. "बाबा, तुम्ही तो फलक बघितलात? तो बारकू आहे? तो जेटस्कीवर उभा आहे." "बघितला," बाबा म्हणाले. "पोरगा बरा हाय. मला नमस्कार केलान. जेवताना सुरमईचा तुकडासुदा वाढलान." "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" "तू भांडली असतीस," त्यांनी कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. मग इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. चेहरा असा की जणू घरात पेढे आणून कपाटात लपवलेत. "नमू, बारकूनं मला इचारलान."

ह्या एका वाक्याने तिची पुढच्या चार रात्रींची झोप गेली म्हणणं अतिशयोक्ती होईल, ती झोपली, पण दुकानात मात्र ती कामातून गेली. एकाला लांबचा नंबर द्यायचा तो जवळचा लिहून बसली, वेळीच खोडला. बारकूनं मला इचारलान. पालथं पुस्तक, मांडी, खाकी पँटला येणारा डिझेलचा वास. म्हणजे बाबा ते गमतीने करत नव्हते तर. इतकी वर्षं, राजापूरच्या घाटातली सगळी वळणं घेत असताना त्यांच्या मनात कुठेतरी ही जेटी होती, आणि आपण तिच्यावरून सहज चाललोय, आणि बारकू मान वर करतोय. मग बारकू कुणी का असेना, जाडा की तेल लावलेला, प्रश्न तर आला. तिला त्यांचा हेवा वाटला. स्वच्छ, पोटातून हेवा, आणि त्यावर लगेच स्वतःचा राग, की आपण इथे विटंबना वगैरे शब्द लिहीत बसलो. पण मग फलकाकडे नजर जायची, ती जायचीच, दारातच होता तो मेला, आणि जसाच्या तसा वाचून परत डोकं फिरायचं. तिकडे बाबांच्या गावाहून फोन येत होते. अख्खी वाडी टेम्पो करून येणार होती, केरूकाका म्हणे नवं धोतर घेणार होते. इकडे विनोदचे फोन. "ॲडमिन, शुक्रवारी थेटराबाहेर निषेध करूया. सगळे काळे चष्मे लावून उभे ऱ्हाऊ. ह्ये बघन्यापेक्षा आंधळं झालेलं बरं, असा अर्थ. कसा वाटताय?" तिला खरं सांगायचं तर कल्पना फार आवडली. "चष्मे तुमच्याकडनंच घेऊ," विनोद पुढे म्हणाला, "कायतरी कमी लावा." तिने कमी लावलं. आणि शुक्रवारी दुपारी आपण कुठे असणार, आत की बाहेर, हे तिने विनोदलाही सांगितलं नाही आणि बाबांनाही नाही. बाबांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी एक पास तिच्या पर्समध्ये ठेवून दिला होता, चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळून.

आत नाही गेलं तर बाबांचं काय होईल, हे ती पुनःपुन्हा मनात रंगवून बघत होती. काही होणार नाही. वाडीची माणसं आहेत, टाळ्या आहेत, नवं धोतर आहे. फक्त ते एकदा मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघतील. बस, तेवढंच. त्या तेवढ्यानेच तिचा बाहेर राहायचा निश्चय डळमळला. आणि आत गेलं तर? आत गेलं तर ती बहिष्काराची हाक देणारी आणि पहिल्या खेळाला बसणारी. गटातली माणसं तिला कोपरापासून नमस्कार करतील. शुक्रवारी तिने ओढणी डोक्यावरून घेतली, स्वतःच्याच दुकानातला काळा चष्मा लावला आणि थेटराच्या बाजूच्या गल्लीतून चोरासारखी आली. वाटलं होतं, बाहेर काळ्या चष्म्यांची रांग असेल. रांग नव्हती. शेंगदाणेवाला होता आणि पोलिसाची एक मोटारसायकल. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. असे कसे हे सोबती, एक जण नाही बारकूसाठी उभा राहायला?

सिनेमा तिला वाटला होता त्याहून वाईट निघाला, आणि ह्यात एक गुप्त समाधान होतं. बारकू दर दहा मिनिटांनी शर्ट काढत होता. सुक्या बांगड्यांच्या चोरीऐवजी हिरे होते, हिऱ्यांमागे परदेशी माणूस होता, त्याच्यामागे हेलिकॉप्टर होतं. जेटीवरची पालथी होडी एकदा दिसली, तिचा स्फोट झाला. नम्रता हाताची घडी घालून बसली होती आणि मनातल्या मनात पुढच्या संदेशाची वाक्यं जुळवत होती. शेजारी बाबा मात्र खुर्चीच्या टोकावर, पाय पुढे, ब्रेक दाबल्यासारखे. मागे वाडीची माणसं दर माणूस पडद्यावर आला की "ह्यो का? ह्यो का?" करत होती. आणि मग एकदम, काही कल्पना नसताना, मांडवी आली. खरी मांडवी, सकाळची, पाणी उतरलेलं. बारकू बोटीवरून उतरला आणि समोरून बाबा चालत आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर जाळं, चालणं घरातल्यासारखंच, जरा डावीकडे झुकलेलं. बारकू थांबला आणि विचारता झाला, "आज्यानू, होडी कोणी न्हेल्यान?" बाबांनी जाळं खांद्यावरून खाली घेतलं. घाई केली नाही. त्यांनी त्या पोराकडे बघितलं, आणि नम्रताने ते बघणं ओळखलं. पुस्तक पालथं घातल्यावर ते असंच बघत. मग समुद्राकडे हात करून म्हणाले, "होडी त्यानं नेलीन. कशाला नेलीन ता त्यालाच इचार."

थेटर एकदम फुटलं. वाडीने शिट्ट्या मारल्या हे ठीक, पण पुढच्या रांगा, बाजूच्या रांगा, कुणाला बाबा माहीतही नव्हते ते सगळे हसत होते, टाळ्या पिटत होते; तासभर परक्या घरात अवघडून बसल्यावर आपल्या कुणाची हाक ऐकू यावी तसं. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "नेलीन," आणि पुन्हा हशा उसळला. पडद्यावर तोवर हेलिकॉप्टर आलं होतं, बाबा गेले होते, कुणी दुसरं काही ऐकत नव्हतं. नम्रता काळ्या चष्म्याखाली रडत होती, आणि हसतही होती, नाक पुसायला फडकं सापडत नव्हतं. अख्ख्या सिनेमात बारकूचा एक शब्द होता आणि तो बाबांनी आणला होता, खाकी खिशातून काढावा तसा. बाबांनी मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. ती तिथे होती. तिच्या कानाशी वाकून ते काळजीने म्हणाले, "लोक का हसले गो? माझी मालवणी चुकली काय? तो डायरेक्टर सायेब आठ-दहा वेळा बोलून घेत होता. शेवटी म्हनला, आजोबा, बास, आता बरोबर. त्यानं सांगितलान तसाच मी बोललो." तिने त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा आपण दुसऱ्या तालुक्याच्या भाषेत बोललो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "नाही चुकली, बाबा," ती म्हणाली. "एकदम अस्सल जमली." ते मागे टेकले आणि पाय सैल सोडले.

खेळ सुटला तेव्हा बाहेर ऊन होतं आणि वाडीच्या माणसांनी बाबांना घेरलं होतं. केरूकाका नव्या धोतरात, "आमचा सखाराम" असं अनोळखी माणसांना सांगत हिंडत होते. नम्रता ओढणी पुढे ओढून कडेने निघाली तर जिन्यात समोरून एक काळा चष्मा आला. मागे आणखी दोन. सगळे तिच्याच दुकानातले, तिनेच कमी लावून दिलेले. विनोद होता, हातात पॉपकॉर्नचा रिकामा पुडा, आणि पळायला जागा नव्हती. दोघं एकमेकांच्या काळ्या भिंगांत स्वतःला बघत उभे राहिले. पहिल्यांदा विनोदच सावरला. त्याने पुडा पाठीमागे लपवला आणि आवाज चढवून विचारलं, "ॲडमिन, ह्ये काय? संपूर्ण बहिष्कार ना? कुणी मोडला?" तिने चष्मा काढला. खाली अंगणात बाबा एका लहान मुलीला परत परत ते वाक्य म्हणून दाखवत होते, प्रत्येक वेळी तितकंच शांतपणे, आणि ती मुलगी प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होती.

"बाबांनी मोडलानी," नम्रता म्हणाली. आणि मग आपण काय म्हणालो ते, शेपटासकट, तिचं तिलाच ऐकू आलं.